वाळू न भरलेला बेंड

या अंकासाठी लिहा म्हणून पत्र आलं, त्यात माझ्या नावापुढे 'निवृत्त नळकारागीर' असं छापलं होतं. तो 'निवृत्त' मी सगळ्यात आधी पेनाने खोडला. गुडघे कुरकुरतात हे खरं आहे. मी शिडीवर चढलो की बायको खालून शिडी धरून उभी राहते, हेही खरं आहे. पण नंदुरबारात अजूनही कुणाची मोरी तुंबली की मला फोन येतो आणि मी पिशवी उचलून जातो. मी आता घरी बसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी माझ्यापेक्षा लवकर एक गळती शोधून दाखवावी.

किती वर्षं काम केलं, कुणाच्या हाताखाली शिकलो, हे सगळं सांगत बसत नाही. लोखंडी पाईपच्या आट्यांना सूत आणि सफेदा लावून ते पान्याने कसायचे, तेव्हापासून मी या कामात आहे. तेवढं पुरे.

आमच्या कामाची खरी अडचण बाहेरच्या माणसाला कळत नाही. सुताराला लाकूड दिसतं, गवंड्याला भिंत दिसते. आमचं काम एकदा केलं की जमिनीत गाडलं जातं आणि वर फरशी बसते. बिघाड होतो एकीकडे, खूण उमटते भलतीकडे. ओल स्वयंपाकघरात दिसते आणि गळती न्हाणीत सापडते. पूर्वी आमच्याजवळ दोनच उपाय होते, अंदाज आणि छिन्नी-हातोडा. मी पेचकसाचं एक टोक पाईपला टेकवायचो, मूठ कानामागच्या हाडाला लावायचो आणि पाण्याचा आवाज ऐकायचो. भिंतीवर तळहात फिरवून ओल कुठून चढते ते सांगायचो. पाचातल्या चार वेळा बरोबर यायचं. पाचव्या वेळी लोकांची भिंत फुटायची, आणि 'बिघाड पुढे सरकला असेल' असं म्हणून आम्ही आणखी दोन हात फोडायचो.

सगळ्या आयुष्यात दुसऱ्याच्या घरी किती फरश्या विनाकारण फोडल्या, याचा विचार मी पन्नाशीनंतर करायला लागलो. म्हणून पाईपात घालून बघायचा कॅमेरा घेतला. धंदा वाढावा म्हणून घेतला नाही. 'नानाला या वयात खेळणं सुचलं' असं गल्लीतले म्हणाले. म्हणू देत.

पहिला कॅमेरा मी चुकीचा घेतला. लांब मऊ वायर, टोकाला पेन्सिलीएवढा डोळा, दुसरं टोक मोबाइलमध्ये खोचायचं. मोबाइलच्या दुकानदाराने टेबलावर ठेवून माझ्या मिशीतला केस न् केस दाखवला आणि मी भुललो. पहिल्याच कामाला वायर दोन फूट आत गेली आणि पाईपातच वेटोळं करून बसली. मऊ वायर ढकलली तर पुढे जात नाही, हे पाईप ढकलण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला दुकानात सुचू नये. वर, चित्र ऐन रंगात आलं असताना मोबाइलवर मेहुण्याचा फोन आला. घरातली सगळी माणसं गटार बघायला वाकली होती, त्यांना पडद्यावर मेहुण्याचा लग्नातला फेटा दिसला.

दुसऱ्या वेळी मी तयारीने गेलो. तीन फुटांचा पाईप, त्याला दोन एल्बो म्हणजे काटकोनी वळणं, आणि दुसऱ्या एल्बोच्या आत वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला. तो पाईप मी दुकानदाराच्या काचेवर ठेवला.

"नाना, हाई घ्या. येमा सगळास्तून जास्त पिक्सेल शेतस," तो म्हणाला.

"पिक्सेल लगीनना फोटोसले ऱ्हाऊ दे. माले नळी देखनी शे. आतला कागदवर काय लिखेल शे ते वाची दाखाड, मंग घेसू."

त्याने चार कॅमेरे काढले. एकाची वायर पहिल्याच एल्बोला अडली, कारण ती सळईसारखी ताठ होती. दुसऱ्याचा दिवा इतका प्रखर की ओल्या पाईपात नुसता पांढरा उजेड दिसायचा, आणि तो कमी करायची सोय नाही. तिसरा हातभर लांबचं छान दाखवायचा, पण नळीत हातभर लांब काय असतं? तिथे जे बघायचं ते चार बोटांवर असतं. चौथ्याने कागदावरची अक्षरं वाचली. वायर वाकवली की वाकायची आणि वाकवली तशीच राहायची. पडदा त्याचा स्वतःचा होता, म्हणजे मेहुण्याची भीती नाही.

"बादली शे का?" मी विचारलं.

"कसाले, नाना?"

"पानीमा टाकी देखनं शे."

"नाना, हाई मोबाइलनं दुकान शे."

"मन्हं काम पानीमाच शे ना, भाऊ."

शेवटी शेजारच्या चहावाल्याकडून बादली आली. पाव तास डोळा पाण्यात ठेवून मगच मी तो घेतला. लोक मला विचारतात म्हणून सांगतो, घरच्या कामाला कॅमेरा घ्यायचा तर असा घ्या. खोक्यावरचे आकडे वाचू नका, वळणाचा पाईप घेऊन दुकानात जा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या, तो परत आपल्या घरी गटार उपसायला येणार नाही. पाणी चालतं म्हणजे फक्त डोळ्याला आणि वायरीला चालतं, पडद्याला नाही, हेही नीट विचारून घ्या.

घरी आल्यावर वायरीला मी फुटाफुटावर लोकरीची गाठ बांधली, चार पांढऱ्या आणि पाचवी लाल. आत काय आहे हे कॅमेरा सांगतो, पण कुठे आहे ते गाठी सांगतात. फरशी नेमकी कुठे उचलायची ते त्यावरूनच कळतं. बायकोने एकच अट घातली.

"संडासनी वायर घरमा आनू नका."

म्हणून पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी पुढे वेगळा कॅमेरा घेतला. तो घरात खुंटीला असतो आणि मोरी-संडासाचा अंगणातल्या निंबाला टांगलेला असतो.

कॅमेऱ्याची बातमी फिरली तशी भलतीच गिऱ्हाइकं यायला लागली. तापीकाठच्या एका गावातून दोघे भाऊ मोटारसायकलवर आले. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग थोरला हळूच म्हणाला, "नाना, तुम्हनाकडे भिंतमा देखानं यंत्र शे म्हने."

त्यांच्या जुन्या, मातीच्या सपाट धाब्याच्या घरात जाड भिंतीच्या पोटात धान्य साठवायची पोकळी होती, ती कधीतरी लिंपून बंद केलेली. आजोबांनी तिथे गुप्तधन ठेवलंय, असं धाकट्याच्या डोक्यात बसलं होतं. मी गेलो. उंदराचं बीळ होतं त्यातून वायर घातली. आत भुसा, एक फुटकं गाडगं, आणि त्याच्यामागे काहीतरी चौकोनी. कॅमेऱ्याबरोबर आकडा, आरसा, लोहचुंबक असला सरंजाम मिळतो. त्यातला आकडा आयुष्यात त्या एकाच दिवशी कामाला आला. ओढून काढलं तर उंदरांनी कोपरे खाल्लेलं एक प्रगतिपुस्तक निघालं, इयत्ता सातवी. थोरल्याचं नाव, आणि चार विषयांखाली लाल रेघा.

"हाई आठे कसं ऊनं?" धाकट्याने विचारलं.

"वायर काढी ल्या, नाना. काही नही शे आठे," थोरला म्हणाला आणि बाहेर जाऊन मोटारसायकलवर बसला.

त्या दिवशी मी खूप हसलो. घरी येऊन बायकोलाही रंगवून सांगितलं. माणूस आपलं नापासाचं पुस्तक कुठे कुठे लपवतो, असं म्हणालो. पुढच्याच हिवाळ्यात माझंही तसलं पुस्तक निघायचं होतं, हे मला माहीत नव्हतं.

त्याआधी आमच्या एका कसबाबद्दल सांगायला हवं. हल्ली पाईपला वळण द्यायचं तर तयार बेंड मिळतो. आमच्या उमेदीत तो हवा तेव्हा मिळायचाच असं नाही, आणि मिळाला तरी आम्ही तो घेत नव्हतो. कपाशी निघाल्यावर शेतात ज्या काड्या उरतात, त्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा. त्यावर प्लॅस्टिकचा पाईप फिरवत शेकायचा आणि मऊ झाला की गुडघ्यावर वाकवायचा. शेतकरी शेतातल्या लाईनीला हेच करतो. पण घरातल्या बेंडाला एक गोष्ट सांभाळावी लागते. शेकण्याआधी पाईपात कोरडी वाळू ठासून भरायची. वाळू असली की पाईप वाकतो पण गोलच राहतो. नसली तर वळणावर दबतो. जाळावरचे माझे बेंड बघायला दुसरे नळवाले यायचे. मीही ते मिरवायचो. तयार बेंड ज्याला वाकवता येत नाही त्याच्यासाठी, असं मी चारचौघांत म्हणत असे.

आता पाटील बाईंचं सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, वय पंचाहत्तरच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्या राहतात. लाल मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांच्या बाजूला त्यांचं घर आहे, आणि त्या घराचं नळकाम मीच केलंय. मिरची सुरू झाली की आसपासच्या बाया देठं खुडायला त्यांच्या ओट्यावर सावलीला बसतात आणि जाताना हात नि टोपल्या त्यांच्याच मोरीत धुतात. बाईंना ते चालतं. घरात माणसांचा आवाज राहतो, असं त्या म्हणतात. बाई आमच्याशी अहिराणीत बोलतात, पण रागावल्या की शाळेतल्या मराठीत येतात. त्यांची मराठी सुरू झाली की चाळीस वर्षांचे बाप्येही हात मागे घेऊन उभे राहतात.

गेल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. "नाना, तुम्हना कॅमेरा लई या. सोमवारले घर फोडाले ई ऱ्हायनात."

मोरी तुंबत होती, स्वयंपाकघराची भिंत कंबरेपर्यंत ओली झाली होती. मुलगा संदीप सुरतेला नोकरीला असतो, तो रजा काढून आला होता. त्याने एक नवा ठेकेदार बोलावला होता. ठेकेदाराने सांगितलं, जुनी लाईन पूर्ण गेली, आखी फरशी उखडून नवी टाकावी लागेल, दीड-दोन महिने घरात राहता यायचं नाही. संदीपने आईला सुरतेला न्यायचं ठरवलं. तो वाईट मुलगा नाही. आईच्या काळजीनेच करत होता. पण मी रविवारी सकाळी गेलो तेव्हा बाईंची बॅग दारात भरून ठेवलेली होती, आणि त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एकडाव गऊ ना नाना, ते मंग मी आठे परत येत नही."

ते खरं होतं. सुरतेला चौथ्या मजल्यावर गेलेली आई फरशी झाली म्हणून परत येत नाही. मुलगा येऊ देत नाही, आणि वर्षभरात तिलाही हिंमत होत नाही.

ठेकेदारही हजर होता. माझ्या वायरीच्या लोकरीकडे बघून त्याने विचारलं, "नाना, स्वेटर विणी ऱ्हायनात का?" मी मोरीतलं पाणी उपसलं, वरची जाळी काढली, थोडं स्वच्छ पाणी सोडलं आणि वायर आत घातली. संदीप, बाई, ठेकेदार आणि देठं खुडणाऱ्या दोन बाया माझ्या पाठीमागून पडद्यात बघत होते. पहिली लाल गाठ आत गेली. दुसरी लाल गेली. त्यानंतर एक पांढरी, अकरा फूट, आणि वायर अडली.

पडद्यावर पाईप गोल राहिला नव्हता. मिटलेल्या ओठांसारखी एक फट होती आणि तिच्यात मिरचीची देठं आडवीतिडवी अडकून गच्च झाली होती. तिथून पाणी तुंबून मागच्या सांध्यातून भिंतीत जात होतं.

"देखा," ठेकेदार म्हणाला. "माती बसनी. पाईप दबाई गया. आखी लाईन अशीच व्हई."

पाठीमागच्या कुणालाच यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. मातीने दबलेला पाईप तडकतो, तड्यातून माती आत येते. इथे तडा नव्हता. वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या होत्या आणि त्यांच्यावर शेकल्याचा तपकिरी डाग होता. तो माझा बेंड होता. तो दिवसही मला आठवला. वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली, अंगणातली वाळू भिजलेली. भिजलेली वाळू शेकली तर वाफ धरते, म्हणून वाळू वाळेपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. वाळू न भरताच पाईप गुडघ्यावर घेतला, वाकवला, तो जरा बसका वाटला, आणि 'चालतं' म्हणून मातीखाली टाकला.

ठेकेदाराने मला वाट काढून दिली होती. माती बसली म्हटलं की माझं नाव शाबूत राहत होतं, त्याला काम मिळत होतं, संदीपचंही समाधान होत होतं. फक्त बाईंची बॅग सुरतेला गेली असती. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेचा रागही येत होता.

"माती नही बसनी," मी म्हणालो. "हाऊ बेंड मीच दाबा. वाळू भरेल नव्हती."

ठेकेदार हसला. "ऐका. नानाच कबूल करी ऱ्हायना. त्यानी आखी लाईन अशीच व्हई ना मंग."

बाई बोलल्या त्या मराठीत. "नाना, या भिंतीसाठी तुम्हाला मी तीन वेळा बोलावलं होतं. तिन्ही वेळा तुम्ही कान लावलात, हात फिरवलात, आणि बाहेरची ओल आहे, सिमेंटचा हात मारून घ्या, असं सांगून गेलात."

"हो, बाई."

"तीन वेळा."

"हो."

त्या कानाचा मला फार गर्व होता. त्या दिवशी तो उतरला. पण गर्व उतरला म्हणून मी मान खाली घालून निघून जाणार नव्हतो. चूक माझी होती तर ती किती आहे, हे सांगायचा हक्कही माझाच होता. मी बाहेर गेलो, चेंबरचं झाकण उघडलं आणि तिकडून उलट वायर घातली. पुढचे तिन्ही बेंड जाळावरचेच, पण वाळू भरून केलेले. एकेका बेंडाशी वायर थांबवली आणि ठेकेदाराला पडदा दाखवला. गोल होते, स्वच्छ होते. संदीपने प्रत्येक बेंड दोनदा बघितला.

"आते सांग," मी ठेकेदाराला म्हणालो, "आखी लाईन कोठे खराब शे?"

तो म्हणाला, पुढेमागे होईल खराब. संदीपने त्याला पुढेमागेच या असं सांगितलं, आणि मग आईकडे बघितलं.

"एक फरशी फोडा," बाई मला म्हणाल्या. "अकरा फुटांवर. दुसरी फुटली तर माझ्या दारात परत पाय ठेवायचा नाही."

मी वायरीच्या गाठी जमिनीवर धरून मोजल्या, खडूने खूण केली आणि फोडली. एकच. बेंड तिच्या बरोबर मधोमध निघाला. काम करताना कुणी माझ्याशी बोललं नाही, चहाही मिळाला नाही. मी तयार बेंड बसवले, एका मोठ्या वळणाऐवजी अर्ध्या वळणाचे दोन, म्हणजे देठ आलं तरी अडू नये. आयुष्यभर ज्यांना नावं ठेवली ते तयार बेंड मी त्या दिवशी गुपचूप बसवले. संध्याकाळी बाईंनी दारातली बॅग उचलून आत नेली. संदीप दोन दिवसांनी एकटाच सुरतेला गेला.

ठेकेदाराने मात्र गावभर केलं. नाना स्वतःच म्हणतो त्याचं काम खराब आहे. दोन ठरलेली कामं माझ्या हातून गेली. बायको म्हणाली, नसतं बोलले तर काय बिघडलं असतं. मी त्या आठवड्यात वही घेतली आणि घाईत वाळू न भरता बेंड मारले असतील अशी घरं आठवून लिहिली. सात निघाली. सातही दारांत निंबावरचा कॅमेरा घेऊन गेलो. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. पाच ठिकाणी बघितलं, त्यातले दोन दबलेले होते, ते बदलून दिले. आता कुणाला ठेकेदाराचं ऐकून हसायचं असेल त्याने हे छापील वाचूनच हसावं. आणि ज्याला नाना घरी बसावा असं वाटतं त्याने आधी आपले सात बेंड उघडून दाखवावेत.

बाईंची फरशी पांढऱ्यावर हिरव्या ठिपक्यांची, जुन्या घडणीची. तशी आता होत नाही. मी नंदुरबार पालथं घातलं, तळोद्याला एका जुन्या दुकानाच्या मागच्या ढिगात एक मिळाली, पण तिचे ठिपके काळसर निघाले. ती बसवली तशी डोळ्यांत खुपायला लागली. मी बाईंना म्हणालो, आणखी शोधतो, गुजरातेत मिळेल.

"ऱ्हाऊ द्या ती," बाई म्हणाल्या. त्या अहिराणीत बोलल्या तेव्हाच मला जरा हायसं वाटलं.

आता मिरची परत सुरू झालीय. बाईंचा ओटा भरलेला असतो. नवीन कुणी घरात आलं की विचारतं, हाई एकच फरशी काळी कशी? आणि बाई मी समोर असलो तरी सांगतात, "ती नानानी चूक शे."

मग मला चहा देतात. मी मुद्दाम त्याच फरशीवर बसून पितो.